सासऱ्यासमोरचं दुखणं

धुळ्यात आमचं घर मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होतं, त्यामुळे आमच्याकडे धडधाकट पाहुणा सहसा कधी आलाच नाही. माझ्या मैत्रिणींकडे मामा यायचे, आत्या यायच्या, येताना काहीबाही खाऊ आणायच्या. आमच्याकडे माणसं यायची ती खोकत, लंगडत, पोट आवळून धरत. नाना तेलाच्या मिलमध्ये फिटर होते आणि मिलपासून जवळ पडते म्हणून त्यांनी ही जागा घेतली होती, पण गावाकडे बातमी पोचली ती वेगळीच. बोरी नदीकाठच्या आमच्या गावात आणि शेजारच्या खेड्यांत नानांची ओळख 'दवाखान्यामांगे राहणारा' अशी पडली, आणि हळूहळू लोकांचा असा समज झाला की डॉक्टर मंडळी नानांना विचारूनच औषध देतात. प्रत्यक्षात नानांना सुईची इतकी धास्ती, की मिलमध्ये टोचणीचं पथक येणार असं कळलं की हा गडी नेमका त्या दिवशी बॉयलरच्या मागे काहीतरी दुरुस्त करत बसायचा. पण गावचा माणूस दारात आला की ते सदरा चढवून निघायचे, केसपेपरच्या खिडकीशी उभे राहायचे आणि कुठला वॉर्ड कुठे हे असं सांगायचे जणू दवाखाना त्यांच्या आजोबांनी बांधलाय.

दोन खोल्या आणि पुढे ओटा, एवढंच घर. आतल्या खोलीत एक लोखंडी खाट होती आणि मायचा नियम असा, की खाट आजाऱ्याची. मग तो कुणी का असेना. बरोबर आलेली माणसं ओट्यावर आणि आम्ही तिघं चुलीच्या आसपास, जागा उरेल तिथे. एकदा मायची मावसबहीण शैलामावशी आणि तिचे यजमान आमच्याकडे आले. त्यांची रावेरकडे केळीची मोठी बागायत, दारात मोटार. त्या दिवशी खाटेवर कावीळ झालेला एक शेतमजूर झोपलेला होता. मावशीने खाटेकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. मायने तिला शांतपणे पाट दिला. मावशी पाटावर बसली, पण ते तिने पुढे वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं. माय म्हणायची, "तिले बसाले घरमा शंभर खुर्च्या शेतस. त्याले आज एवढीच खाट शे."

सकाळी हायवेवरच्या ट्रकांच्या भोंग्यांनी मला जाग यायची, त्यात मायच्या स्टोव्हची भरभर मिसळलेली असायची. मग नळावरची भांडणं, मग दवाखान्याची घंटा. घरात सतत फिनेलचा वास, कारण भेटायला जाणारा येणारा प्रत्येक जण तो कपड्यांबरोबर घेऊन यायचा. त्या वासावर मात करायची ताकद फक्त मायच्या खुड्यात होती. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून, लसूण घालून ती तव्यावरच लोटीने रगडायची आणि सगळी गल्ली शिंकायची. आजाऱ्याला पेज किंवा मुगाची खिचडी, बाकीच्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि खुडा. कुणी बरं होऊन घरी निघालं की त्या दिवशी फुनके आणि कढी. तुरीच्या डाळीचे ते वाफवलेले मुटके माझ्या जिवाभावाचे होते. त्यामुळे लोक लवकर बरे व्हावेत असं मला फार मनापासून वाटायचं, हे मी लपवत नाही.

गावाहून डबे यायचे ते एसटीने. ज्याचं माणूस दवाखान्यात, त्याच्या घरची बाई पहाटे भाकरी करून डबा फडक्यात बांधायची आणि पारोळ्याहून येणाऱ्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. मी शाळेआधी स्टँडवर जाऊन तो घ्यायची. कंडक्टर पोरासोरांच्या हाती डबा देत नसत, पण मला ओळखत. "दवाखान्यावाल्याची पोर आली," म्हणत खिडकीतून डबा खाली सोडत. त्या डब्यांनी मला पुष्कळ शिकवलं. एखाद्याचा डबा आठ-आठ दिवस नेमाने यायचा, एखाद्याचा दोनदा येऊन बंद व्हायचा, कारण करणारी बाई कापूस वेचायला गेलेली असायची. ज्याचा डबा बंद, तो माणूस दवाखान्यातून अर्ध्यावर उठून घरी जाणार हे मला आधीच कळायचं. पुढे मी नर्स झाले, जाडजूड पुस्तकं वाचली, पण रोगी उपचार का सोडतो याचं उत्तर मला त्या पुस्तकांच्या आधी स्टँडवर मिळालं होतं.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या गावचे एक आबा होते. आमचे भाऊबंद नव्हेत, पण घराला घर लागून. कोरडवाहू शेत, दोन मुलं, थोरला दुसऱ्याच्या मळ्यात वर्षाच्या कराराने सालदार म्हणून राबायचा. आबा उंच, बोलायला सरळ, गावात त्यांच्या शब्दाला मान. गावात कुणी आजारी पडलं आणि धुळ्याला न्यायचं झालं की लोक आबांना पुढे करायचे, कारण त्यांना शहराची भीती वाटत नसे. एका उन्हाळ्यात ते त्यांची थोरली सून, इंदूवहिनी, हिला घेऊन आमच्याकडे आले. सालदाराला मालक सोडेना, सासूला घरची म्हैस आणि नातू सांभाळायचा, तेव्हा सुनेला घेऊन सासरा येणार हे ठरलेलंच. आबांनी ते ओझं म्हणून केलं नव्हतं. घरच्या सुनेला चांगल्या दवाखान्यात दाखवायचं म्हणून त्यांनी शेतातलं काम सोडलं होतं.

पण आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगायला हवी. सून सासऱ्यासमोर बोलत नाही. नुसती कमी बोलते असं नव्हे, बोलतच नाही. पदर नाकापर्यंत, आणि काही लागलंच तर मध्ये एखादं पोर घालून निरोप. इंदूवहिनीचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, पहिला मुलगा चालता झाला होता, आणि आबांनी तेवढ्या वर्षांत तिचा आवाज ऐकलेला नव्हता. माझी मायसुद्धा गावची सून, म्हणून तीही आबांशी थेट बोलत नसे. आबा हातभर अंतरावर बसलेले, माय चुलीशी, आणि मध्ये मी. "शकू, आबासले विचार, चहा घेतीन का." मी विचारायची. आबा म्हणायचे, "तिले सांग, घेसू. पन साखर कमी." मायने ते कानांनी ऐकलेलंच असायचं, तरी मी परत सांगेपर्यंत ती पातेल्याला हात लावायची नाही. मला हसू यायचं. हे हसण्यासारखं नाही हे कळायला ती इंदूवहिनी यावी लागली.

पहिल्या वेळी मी त्यांच्याबरोबर ओपीडीत गेले ती रस्ता दाखवायला. बाकावर माणसांची ही गर्दी. नंबर आला तेव्हा आबा पुढे, वहिनी त्यांच्या मागे पदर ओढून. डॉक्टर तरुण होते, साताऱ्याकडचे, आमची बोली त्यांना नवीन. त्यांनी विचारलं, काय होतंय. आबा म्हणाले, "वहूले खोकला शे. बाकी बठ्ठं चांगलं शे." डॉक्टरांनी वहिनीकडे पाहून पुन्हा विचारलं. वहिनीचा पदर आणखी खाली आला. आबांनीच उत्तर दिलं. ताप? नही. भूक? लागस. डॉक्टरांनी विचारलं, दिवस गेलेत का. आबा मोठ्या दाराकडे पाहायला लागले. सुनेला दिवस गेलेत हे सासऱ्याने चारचौघांत तोंडाने म्हणायचं? आबांच्या जिभेला ते जमण्यासारखं नव्हतं. मागून लोक ढकलत होते. खोकल्याचं औषध मिळालं आणि दोघं दुपारच्या गाडीने गावी गेली. काही दिवसांनी परत आली. पुन्हा खोकला, पुन्हा औषध. यात डॉक्टरांची चूक होती असं मी म्हणणार नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी औषध दिलं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा वहिनी ओट्याच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबली. मायने तिला खाट दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी येतं म्हणून मी उठले, तर वहिनी खाटेवर नव्हती. धान्याच्या पोत्याला पाठ लावून बसलेली, मान पुढे, तोंड उघडं, डोळे उघडे. मी घाबरून मायला हलवलं. माय तिच्याजवळ बसली, तिचा पाय हातात घेऊन अंगठा दाबला, तर खड्डा पडला तो भरेचना. मग दोघी चुलीशी बसून बोलल्या. आबा ओट्यावर झोपलेले होते. तिथे, दोन बायकांत, वहिनीचं सगळं दुखणं बाहेर पडलं. आडवं होता येत नाही, पाण्याची घागर उचलली की जीव कासावीस होतो, परवा खोकल्यात रक्त पडलं. लहानपणी गुडघे सुजायचे, माहेरी अंगारा लावायचे. आणि पोटातलं मूल हलतं, पण हिच्या अंगात त्याच्यासाठी दम नाही. मी म्हटलं, "वहिनी, हे डॉक्टरांना का नाही सांगितलं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी ठरले. "आबा उभा व्हतात ना," ती म्हणाली.

मायचा चेहरा मला अजून दिसतो. तिने इतके रोगी पाहिले होते की पायाचा तो खड्डा काय सांगतो हे तिला पुरतं नाही तरी पुष्कळ कळलं होतं. ती मला म्हणाली, "शकू, आते तू सांग. माले बोलता येत नही, हिले बोलता येत नही. तू गावनी लेक शे. लेकले तोंड राहस." खरंच, आमच्या रीतीत लेकीला तोंड होतं. मी गावची लेक म्हणून आबांच्या मांडीवर खेळलेली, त्यांच्या मिशा ओढलेल्या. त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की माझं हे तोंड उद्या माझं लग्न झालं की दुसऱ्या एखाद्या गावात असंच बंद होणार आहे. मला राग आला. कुणाचा ते ठरवायला वेळ नव्हता, पण राग आला आणि तो पुढे कामाला आला.

आबा चहा पीत होते तेव्हा मी सगळं सांगितलं. रक्ताचं सांगितलं, झोपेचं सांगितलं. पोटाचंही सांगितलं तेव्हा आबांनी बशी खाली ठेवली. मग म्हटलं, आबा, आज वहिनीलाच बोलू दे, तुम्ही बाहेर थांबा. आबांच्या भुवया वर गेल्या. "मी डॉक्टरले सांगत नही का? मी काय मन्ही वहूना दुश्मन शे?" नाही आबा, पण ती तुमच्यासमोर बोलत नाही. "घरनी बाई घरमा बोलस, पोरी. चार लोकसमा तिनी तोंड उघाडं तं लोक काय म्हनतीन? सासरा बाहेर बसना आनि वहू पुरुषले आंग दखाडस?" नाना मध्ये पडले, मला म्हणाले, "तू गप बस. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये." नाना चांगले होते, पण आबांपुढे त्यांचा फिटरचा पाना कधी चालला नाही. मी म्हटलं, "मी गप बसते. वहिनीही गप बसते. मग खोकल्याचं औषध घेऊन या." आणि दप्तर कोपऱ्यात फेकून चपला घातल्या. शाळा त्या दिवशी गेली ती गेलीच. पुढे बाईंनी विचारलं तेव्हा पोट दुखत होतं म्हणून सांगितलं, कारण दुसऱ्याचं दुखणं हे आमच्या शाळेत सुट्टीचं कारण नव्हतं.

ओपीडीत तेच डॉक्टर. आबा नेहमीप्रमाणे पुढे झाले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "साहेब, यांच्या सुनेला बोलायचंय." डॉक्टर म्हणाले, "मग बोलू द्या ना, आजोबा. तुम्ही जरा बाहेर थांबता का?" आबा ताठ उभे राहिले. "मी बाहेर जाऊ? तिना जवाबदार मी शे." मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, लवकर आटपा. आबांचा चेहरा लाल झालेला. मी त्यांचा हात धरला आणि माझा आवाज फुटला. मी म्हटलं, "आबा, रातभर ती पोत्याला टेकून बसली होती. तुम्ही ओट्यावर झोपले होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. आज ती बोलली नाही तर ती मरेल. मग घरी जाऊन कुणाला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा." अख्ख्या गावात आबांशी असं कुणी बोललेलं नव्हतं, आणि मी तर काल-परवापर्यंत फ्रॉक घालत होते.

मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरले नाही. ते बाहेर गेले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर हात धुण्याबद्दलचं काहीतरी चित्र चिकटवलेलं होतं, त्या चित्राला नाक लागेल इतके जवळ. "बोल म्हना तिले," ते भिंतीला म्हणाले. "मी आठे नही." आबा इथे नाहीतच, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

खोलीत पंखा कुरकुरत होता. वहिनी काही बोलेना. मी तिचा पदर हलवला. डॉक्टर थांबले, आणि रांगेला 'थांबा' म्हणाले, यासाठी मी आजही त्यांचे उपकार मानते. शेवटी वहिनीने मान वर केली. आवाज आधी फाटका आला, मग मोकळा. "साहेब, माले आडं पडता येत नही. आडी पडनू का छाती भरी येस. रात बसीसन काढस. पानी भरीसन उनू का दम लागस, मग बोलता बी येत नही. परवा थुंकीमा रगत व्हतं. पाय सुजेल शेतस." एवढं बोलून ती थांबली, भिंतीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आनि मन्हा पोटमा लेकरू शे. सातवा महिना चालू शे. माले मराना नही, साहेब." मी डॉक्टरांना शुद्ध भाषेत पुन्हा सांगायला लागले, पण त्यांना कळलं होतं. त्यांनी नळी कानाला लावली आणि फार वेळ ऐकत राहिले. मग उठून मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेले. आबा तेवढा सगळा वेळ हलले नाहीत. त्यांच्या सदऱ्याची पाठ मात्र घामाने ओली होत गेलेली मी पाहिली.

हृदयाची झडप अरुंद झाली होती. लहानपणी गुडघे सुजवणाऱ्या त्या तापाने केलेलं ते काम. वहिनीला दाखल केलं, औषधाने पायाची सूज उतरली, पुढे तिथेच तिचं बाळंतपण झालं, मागे उशा लावून, बसल्या बसल्या. मुलगी झाली. मायने त्या दिवशी फुनके केले आणि मी डबा घेऊन वॉर्डात गेले तेव्हा वहिनी मला म्हणाली, "शकू, खाटवर झोपनू मी आज." आडवं झोपणं ही काय मिळवायची गोष्ट आहे का, सांगा बरं. पण तिने ती मिळवली होती, आणि तिचा चेहरा तसाच होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, औषधावर किती काळ निघेल सांगता येत नाही, झडप उघडायला मुंबईला न्या. आणि नेमक्या त्याच हंगामात शैलामावशीला दम लागायला लागला. मावशीच्या घरी जळगावचे डॉक्टर स्वतः यायचे. बोलणारी तीच, तासभर बोलायची, यजमान बाहेरच्या बैठकीत पेपर वाचत बसायचे. मोठ्या घरात बाई आणि बाप्ये वेगळ्या खोल्यांत बसू शकतात, हा पैशाचा एक उपयोग मी तेव्हा पाहिला. तिलाही तीच झडप, तेच गुडघे लहानपणी. मुंबईत त्यांच्या ओळखीचं घर, दारात गाडी, आणि केळीच्या पुढच्या कापणीआधी मावशी झडप उघडून घरी आली. आमच्या वहिनीला आबा आणि तिचा नवरा रेल्वेने घेऊन गेले. तिथल्या दवाखान्यात सगळ्या मुलखाची माणसं आलेली, तिथल्या लोकांनी तपासलं, समजावलं, आणि दिवाळीनंतरची तारीख दिली. थांबायला मुंबईत कुणाचं घर नव्हतं. ते परत आले. कापूस फुटला, घरातली सगळी माणसं वेचणीला, आणि वहिनीने औषधासाठी धुळ्याला यायची एक खेप चुकवली, मग दुसरी चुकवली. डबा घेऊन येणाऱ्या कंडक्टरने मला स्टँडवर सांगितलं. त्या दिवशी त्याच्या हातात कुणाचा डबा नव्हता, फक्त निरोप होता. दिवाळी अजून यायची होती.

मी घरी आले आणि मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मग उठून नानांना सांगितलं की मी नर्सिंगला जाणार. नाना म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक खोकत येतील आणि म्हणतील, शकूताई, लवकर बघा. मायने मध्ये मला न घालता थेट नानांना सांगितलं, "जाऊ द्या तिले." नवऱ्याशी तरी ती थेट बोलायची, देवाची कृपा.

आज मी म्हातारी झाले आहे आणि धुळे-जळगावच्या रस्त्यांवर काचेचे दवाखाने उभे राहिलेत. सरकारी योजना आल्या, कार्डं आली, आज इंदूवहिनी असती तर तिचं ऑपरेशन फुकटात झालं असतं, असं लोक मला सांगतात. झालं असतं, मी नाही म्हणत नाही. माझ्या नोकरीत मी पाहिलं आहे, पुष्कळांचे प्राण वाचलेत आणि मी ते विसरायला तयार नाही. पण माझी नोकरी गेली ती चोपडा-यावलकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे दोन ओढे ओलांडून येणाऱ्या बाईला आणि काचेच्या दवाखान्यात गाडीतून उतरणाऱ्या बाईला एकच आजार असला तरी तो दोघींच्या अंगात वेगवेगळा वाढतो. एक पहिल्या महिन्यात येते, दुसरी शेवटच्या. शैलामावशी अजून आहे. जळगावला मुलाकडे असते, झडप पुढे बदलूनही झाली, फोनवर मला तिच्या गुडघ्यांबद्दल अर्धा तास सांगते. मी ऐकते. ती जगली याचा मला आनंदच आहे. राग त्या दिवाळीनंतरच्या तारखेचा आहे, आणि तो मी मुद्दाम विझू दिलेला नाही. माझ्या उपकेंद्रात एक नियम होता. बाई तपासायला आली की बरोबरच्या बाप्यांना मी आधी चहाला पाठवायची. सासरा असो, दीर असो, पुढे पुढे मोबाईल हातात घेतलेला मुलगा असो. डॉक्टर हसायचे, म्हणायचे, सिस्टर, तुमचा चहावाल्याशी काही ठराव आहे का. असेना का. बाया बोलायच्या. इंदूवहिनीची ती मुलगी आजीने वाढवली. ती पाचोऱ्याला नांदते, आता तिच्याच घरात सून आलीय.

पण मला सांगायचं होतं ते आबांचं. वहिनी गेल्यावर पुढच्या वर्षी, माझं नर्सिंगला जायचं ठरलं होतं तेव्हा, ते पुन्हा आमच्या ओट्यावर आले. बरोबर धाकटी सून होती, नवीन लग्न झालेली. तिच्या पोटात दुखत होतं. आबा थकलेले दिसत होते, पूर्वीसारखा शहराचा तोराही उरलेला नव्हता. चहा झाल्यावर मी म्हटलं, चला, मी येते. दवाखान्यात नंबर लागला, खोलीचं दार उघडलं, आणि मला वाटलं आता आबा पुढे होतील, मला पुन्हा भांडावं लागेल. मी तयारच होते. पण आबा बाहेरच्या बाकावर बसले. सुनेच्या दिशेने न पाहता मला म्हणाले, "तिले सांग, आत जाय. एकली जाय. जे दुखस ते सांग, काही ठेवू नको." सून मध्येच थबकली. मी तिला आत ढकललं, दार लोटलं आणि आबांच्या शेजारी बसले.

बाकावर माणसं येत होती, जात होती. आत डॉक्टरांचा प्रश्न ऐकू आला, मग मुलीचा बारीक आवाज, मग जरा मोठा. शब्द कळत नव्हते. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"इंदूना आवाज मी एकच डाव ऐकेल शे, पोरी," ते म्हणाले. "भिंतकडे तोंड करीसन. गोड व्हता."